बैठक समतल आहे, हे कशावरून ठरवायचं?

आज आपण गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या अकराव्या श्लोकापाशी आलो आहोत.

खरं सांगायचं तर हा श्लोक बरेच जण भरभर ओलांडतात. त्याच्या दोनच श्लोक आधी केवढी मोठी गोष्ट झालेली असते! मित्र, शत्रू, तटस्थ, नातेवाईक, सज्जन, पापी, या सगळ्यांच्या बाबतीत ज्याची बुद्धी सम राहते तो विशेष, असं नवव्या श्लोकात येतं. पुढे मन एकाग्र करण्याचा विषय आहे. आणि मध्येच भगवंत एकदम घरकामावर येतात. जागा स्वच्छ बघा. आसन डगमगणारं नको. ते फार उंचावर नको, फार खालीही नको. दर्भ, त्यावर मृगाजिन, त्यावर वस्त्र, असे थर घाला. एवढ्या मोठ्या तत्त्वज्ञानात ही बारीकसारीक सूचना कशाला? आपल्या वाचकांपैकी कुणीतरी नक्की म्हणेल, ‘भाव महत्त्वाचा ना, जागेचं काय घेऊन बसलात?’

ज्ञानेश्वरीत माउली या जागेच्या वर्णनात चांगलं रमतात, आणि उंच-खाली का नको याचं कारणही देतात. आसन उंच झालं तर अंग डोलेल, आणि फार खाली गेलं तर जमिनीचे दोष लागतील. वाचताना मला हे एखाद्या अनुभवी गवंड्याचं बोलणं वाटलं. कारण गेल्या महिन्याभरात माझे सगळे वीकेंड याच श्लोकात गेले आहेत, अगदी शब्दशः. मी ग्रीनहाउससाठी समतल पाया तयार करत होतो.

आम्ही सध्या इंग्लंडमध्ये राहतो, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. इथल्या थंडीत तुळस बाहेर तग धरत नाही. कढीपत्त्याचंही तेच. खिडकीतल्या कुंड्यांमध्ये दोघांनी कसेबसे दोन हिवाळे काढले, म्हणून यंदा मागच्या अंगणात काचेचं छोटं ग्रीनहाउस घ्यायचं ठरलं. आठ फूट बाय सहा फूट, ॲल्युमिनियमची चौकट आणि टफन्ड काच. इथे घरोघरी दिसतं तसलंच. खोक्यात जे माहितीपत्रक आलं त्याच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं की आधी पाया पूर्ण समतल आणि काटकोनात करा, मगच चौकट उघडा.

हे एवढं ठळक लिहिण्याचं कारण काचेत आहे. पाया एका कोपऱ्यात सेंटिमीटरभर जरी खाली असला तरी चौकट पिळवटते. खाली ते कुणाला दिसतही नाही. दिसतं वर: सरकता दरवाजा अडकतो, छताची शेवटची काच आपल्या चौकोनात बसतच नाही, किंवा बसते आणि एका कोपऱ्यावर ताण घेऊन राहते. टफन्ड काचेचा दुबळा भाग म्हणजे तिची कड. एखाद्या वादळी रात्री ती काच फुटते आणि लोक म्हणतात, काच खराब होती. काच खराब नसते. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे वेगळं समजावायला नको. एरर ज्या स्क्रीनवर दिसते तिथे ती क्वचितच जन्मलेली असते.

आता आमचं अंगण. बघायला एकदम सपाट. हिरवळ छान, कुठे खड्डा नाही. पण मोजलं तर पावणेतीन मीटरमध्ये १४ सेंटिमीटरचा उतार.

इथे मला तुमचं लक्ष दोन शब्दांकडे वेधायचं आहे, कारण आजचं चिंतन त्यांच्यावरच उभं आहे. सपाट आणि समतल. आपण बोलताना दोन्ही एकाच अर्थाने वापरतो, पण ते एक नाहीत. कॅरम बोर्ड गुळगुळीत सपाट असतो. त्याच्या एका बाजूला पुस्तक सरकवा, तो तेवढाच सपाट राहील, पण समतल राहणार नाही. सपाट म्हणजे पृष्ठभागावर उंचसखल नाही. हे त्या पृष्ठभागाकडे बघूनच कळतं, हात फिरवला तरी कळतं. समतल मात्र नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी त्या पृष्ठभागाच्या बाहेरचं काहीतरी लागतं, ज्याला त्या अंगणाशी काहीही देणंघेणं नाही. पाणी लागतं, किंवा ओळंबा लागतो. दोन्हींच्या मागे पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण आहे, आणि ते कुणाच्या कुंपणाकडे बघून दिशा बदलत नाही.

आपल्या पूर्वजांना हा फरक चांगला ठाऊक होता. कात्यायन शुल्बसूत्रात पूर्व-पश्चिम रेषा काढायची रीत आहे. समतल जमिनीवर खुंटी रोवायची, दोरीने तिच्याभोवती वर्तुळ काढायचं, सकाळी आणि दुपारनंतर खुंटीच्या सावलीचं टोक वर्तुळाला जिथे टेकेल ते दोन बिंदू जोडायचे. सगळी वेदी पुढे त्या रेषेवर उभी राहते. पण पहिली अट काय? जमीन समतल. सूर्यसिद्धांताचा तिसरा अध्याय सुरू होतो तोच मुळी पाण्याने तपासून समतल केलेल्या दगडी पृष्ठभागापासून. डोळ्याने तपासून नाही, पाण्याने.

डोळा का चालत नाही? कारण डोळा शेजारच्या गोष्टीशी तुलना करतो. आमचं लाकडी कुंपण जमिनीच्या उताराबरोबरच उतरत गेलेलं आहे. हिरवळ त्याला समांतर, फुलझाडांची वाफ्याची कड त्याला समांतर. सगळ्यांचा उतार सारखा, म्हणून कुणाचाच उतार दिसत नाही. मी खुंट्या ठोकून, सुतळी अचूक समतल बांधली तेव्हा शेजारचे आजोबा कुंपणावरून डोकावून म्हणाले, ‘वाकडी बांधली आहेस, त्या टोकाला वर गेली आहे.’ त्या बिचाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. सगळंच एका बाजूला झुकलेलं असेल तिथे सरळ ठेवलेली गोष्ट झुकलेली दिसते. आपल्याकडे ‘झुकतं माप’ म्हणतात ना, ते कुणाला दिलं जातंय हे बघणाऱ्याच्या कुंपणावर अवलंबून असतं.

समतल काढायला मी आपल्या गवंड्यांची नळी वापरली. इथे लेझरची यंत्रं भाड्याने मिळतात, पण दहा मीटर पारदर्शक नळी आणि बादलीभर पाणी यात मला जास्त विश्वास वाटला. लहानपणी घराचं बांधकाम बघताना ही नळी पाहिलेली असते सगळ्यांनी. नळीत पाणी भरायचं, थोडा खाण्याचा रंग टाकायचा म्हणजे पातळी नीट दिसते. एक टोक मूळ खुंटीला धरायचं, दुसरं टोक ज्या खुंटीची उंची ठरवायची तिला. दोन्हीकडचं पाणी स्थिर झालं की ते एकाच पातळीवर असतं. मध्ये झुडूप असो, दगड असो, नळी वेडीवाकडी पडलेली असो, फरक पडत नाही. एक पथ्य मात्र पाळायचं: प्रत्येक खुंटी मूळ खुंटीवरूनच मोजायची. पहिलीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असं करत गेलं की बारीक बारीक फरक साठत जातात आणि चौथ्या कोपऱ्यात हिशोब हाताबाहेर गेलेला असतो.

या नळीची गंमत अशी की ती एकट्याने वापरता येत नाही. दुसऱ्या टोकाला माणूस लागतो. आमच्याकडे ते माझ्या बायकोने धरलं.

आणि आणखी एक अट आहे. नळी इकडून तिकडे नेताना पाणी सांडू नये म्हणून दोन्ही टोकांवर अंगठा दाबून धरावा लागतो. पण वाचन घेताना दोन्ही अंगठे काढायलाच हवेत. एकाने जरी दाबून ठेवला तर पाणी अडकतं आणि खोटं बोलतं. नळीत पाणी दिसतं, ते स्थिरही असतं, खुणेवर रेघ मारता येते, पण ती रेघ चुकीची. दोन्ही टोकांवर हवेचा दाब सारखा असेल तरच पाणी खरं सांगतं. मध्ये हवेचा बुडबुडा अडकला असेल तरी तेच.

मी हे बायकोला समजावत होतो. ‘अगं, अंगठा काढ, मग बघ.’ तिने काढला, पाणी चांगलं चार बोटं खाली गेलं. ती त्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘मी सही केली तेव्हा कुणी अंगठा काढायला सांगितलं नव्हतं.’

ती कशाबद्दल बोलत होती ते मला लगेच कळलं, कारण त्याच आठवड्यात माझ्या फोनवर एक कागद येऊन पडला होता.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. वाईजवळ आमची वडिलोपार्जित तीस गुंठे जमीन आहे. वारसनोंद होऊन सातबाऱ्यावर आईचं, ताईचं आणि माझं अशी तीन नावं लागली. काकांनी हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला होता, ताईच्या सहीसाठी. सोबत निरोप: ‘बाळा, तू येशील तेव्हा दुय्यम निबंधकांकडे जाऊन उरकून टाकू. ताईला मी बोललोय, ती म्हणाली मला काही नको.’

शहरात वाढलेल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. हक्कसोडपत्र म्हणजे मालमत्तेतला आपला हिस्सा दुसऱ्या हिस्सेदाराच्या नावे सोडून दिल्याचा नोंदणीकृत दस्त. कायद्याने त्यात गैर काही नाही. पण महाराष्ट्रातल्या गावागावांत तो बहुतेक वेळा एकाच दिशेने वाहतो: बहिणीकडून भावाकडे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या हिश्श्यात मुलीला वारस केलं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने आणलं. २००५ च्या दुरुस्तीने ते देशभर झालं, विवाहित-अविवाहित हा भेद न ठेवता, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मानेच मिळतो हे आणखी स्पष्ट केलं. म्हणजे कायद्याने पाणसळ ठेवून दाखवली आहे. पण कुंपण अजून जुन्याच उताराने जातं, आणि आपण कुंपणाकडे बघतो.

गावातल्या कुणालाही विचारा, यात वाकडं काही दिसणार नाही. आत्याने सही केली होती, तिच्या आत्याने केली होती, माझ्या बायकोने तिच्या भावांसाठी केली. कुणाचं भांडण नाही, कोर्ट नाही, दिवाळीला सगळे एकत्र. अगदी सपाट, हात फिरवून बघा.

‘ती स्वतःच म्हणाली, मला काही नको.’ या वाक्यावर मी बरेच दिवस अडकलो होतो. कारण वरवर बघता प्रश्न तिथेच संपतो. प्रौढ, शिकलेली, स्वतःच्या पायावर उभी असलेली बाई स्वेच्छेने काही सोडत असेल, तर आपण कोण मध्ये पडणार? शिवाय आपल्या परंपरेत त्याग मोठा. ढेकूळ, दगड आणि सोनं ज्याला सारखं, तो योगी, हे याच अध्यायातल्या आठव्या श्लोकात आलं आहे. मग ताईने तीस गुंठ्यांवर पाणी सोडलं तर ते चांगलंच नाही का?

पण बायकोने नळी हातात धरून जे म्हटलं त्याने प्रश्न जागेवर आणला. तिला मी नंतर विचारलं. ती म्हणाली, ‘मला खरंच पैशांची गरज नव्हती. पण नाही म्हटलं असतं तर आईला फोन करताना वहिनीचा आवाज कसा झाला असता, ते मला माहीत होतं. मग मीच म्हणून टाकलं, मला नको.’ माहेर तुटू नये म्हणून. पाणी सांडू नये म्हणून अंगठा. त्यात तिचं चूक काहीच नाही, अंगठा त्यासाठीच असतो. पण त्या स्थितीत घेतलेलं वाचन समतल म्हणून कसं धरायचं? त्याग त्याचा, ज्याच्या हातात आधी ती वस्तू दिली गेली आणि मग त्याने सोडली. जी वस्तू मागितली तर नातं जाईल अशी भीती आहे, ती न मागणं हा त्याग आहे की किंमत आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही. कदाचित आतूनही येत नसेल.

आणि ही समता ज्याने तपासायची तो मी. नेमका वरच्या बाजूला उभा असलेला.

पुन्हा अंगणात येतो, कारण पुढचा धडा फावड्याने शिकवला. उतारावर समतल जागा करायचे दोन मार्ग असतात. खालच्या बाजूला भर घालून ती वर आणायची, किंवा वरची बाजू खणून ती खाली आणायची. पहिला मार्ग सोपा वाटतो. वरचं काही हलवायला नको, चार पोती माती खाली टाकली की झालं. पण भरलेली माती दबत जाते. पहिल्या पावसाळ्यात, इथे तर बाराही महिने पावसाळाच, ती एकसारखी नाही तर कुठे जास्त कुठे कमी बसते. खालची बाजू पुन्हा खाली जाते, आणि आता वर काच उभी असते. म्हणून जाणकार सांगतात, वरची बाजू खणा, न हललेल्या घट्ट जमिनीपर्यंत जा. आमच्याकडे खालच्या बाजूला १५ सेंटिमीटर आणि वरच्या बाजूला २९ सेंटिमीटर खणावं लागलं. दीड घनमीटरच्या आसपास चिकणमाती. वजनात अडीच टनांच्या घरात. ती ढकलगाडीने पुढच्या दारापर्यंत नेताना समत्वाबद्दलचे माझे बरेच सुंदर विचार गळून पडले.

‘तिच्या लग्नात खर्च केला की.’ ‘दर दिवाळीला साडी, भाऊबीजेला ओवाळणी असतेच.’ ‘तिच्या मुलीच्या लग्नात मामा म्हणून तू करशीलच.’ ही सगळी वाक्यं माझ्या काकांची आहेत, आणि ती प्रेमाने बोललेली आहेत. पण ही भर आहे. सैल माती. उद्या माझा मूड बदलला, धंदा बुडाला, मी गेलो, की ती बसते. नावासारखी ती घट्ट नाही. खालची बाजू भर घालून समतल दाखवायची आणि वरची बाजू तशीच ठेवायची, यात वरच्याचं काहीच जात नाही. मला वाटतं की समबुद्धीची परीक्षा करायची तर हे बघावं, की यात माझ्या बाजूची माती किती निघाली.

बाकीचं काम भराभर सांगतो, कारण त्यात फारसं तत्त्वज्ञान नाही. खाली कापड, त्यावर १० सेंटिमीटर बारीक खडी, दोन थरांत, प्रत्येक थर भाड्याच्या यंत्राने ठोकून. आपल्याकडे धुम्मस असते, त्याचं मोटार लावलेलं भावंड. त्यावर तीन सेंटिमीटर वाळू, आणि वर ४५ सेंटिमीटरच्या फरश्या, सहा गुणिले पाच, म्हणजे तीस. श्वेताश्वतर उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात ध्यानाची जागा कशी असावी ते सांगितलंय: सम, शुद्ध, खडे नसलेली, आग नसलेली, वाळू नसलेली, वाऱ्यापासून आडोसा असलेली. सम, शुद्ध, आडोसा, सगळं जमलं. खडे आणि वाळू मात्र आम्ही भरपूर घातले. ते फरशीखाली आहेत, ऋषी चालवून घेतील. काटकोनाचं म्हणाल तर आठ आणि सहा फुटांच्या आयताचा कर्ण बरोबर दहा फूट येतो. दोन्ही कर्ण दहा-दहा भरले की कोपरे काटकोनात. बौधायनाचं आयताच्या कर्णाचं सूत्र अंगणात सुतळीवर पडताळून बघायला मजा येते.

फरश्या बसवताना मात्र पाणसळ लागते, ती बुडबुड्याची पट्टी. आणि पाणसळ विकत आणल्यावर पहिलं काम म्हणजे तिचीच परीक्षा. पट्टी एका जागी ठेवायची, बुडबुडा कुठे आहे बघायचं. मग तीच पट्टी उचलून, टोकं उलटी करून, त्याच जागी ठेवायची. बुडबुडा पुन्हा तिथेच आला तर पट्टी खरी. सरकला तर पट्टीतच दोष आहे. यासाठी दुसरं कुठलं अचूक यंत्र लागत नाही. अगदी साधी युक्ती आहे, पण मला ती विलक्षण वाटते. मोजणाऱ्याला तपासायचं तर त्याला दुसऱ्या बाजूने ठेवून बघा.

मी काकांच्या मसुद्यावर तेच केलं. कागद उघडला आणि मनातल्या मनात नावं उलटी केली. लिहून देणार मी, लिहून घेणार ताई. कारण तेच: भावाबहिणीच्या प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता. वाचवेना. पहिल्या परिच्छेदातच मनात आलं, ‘का म्हणून?’ बुडबुडा एका टोकाला जाऊन आपटला. आणि ताईच्या नावाने तोच कागद वाचताना असं काही झालं नव्हतं. मी तो आरामात शेवटपर्यंत वाचला होता.

सहाव्या अध्यायात आसनापासून एकवीस श्लोक पुढे गेलं की बत्तिसावा श्लोक येतो. तिथे श्रेष्ठ योगी कुणाला म्हटलंय? सुख असो दुःख असो, जो स्वतःच्या उपमेने सर्वत्र समान पाहतो त्याला. स्वतःच्या उपमेने. पट्टी उलटी करून. आसन, श्वास, नजर, हे सगळं करून माणूस पोचतो कुठे, तर दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघण्यापाशी. मला वाटतं अकराव्या श्लोकातला जागेचा तपशील आणि हा बत्तिसावा श्लोक वेगळे वाचूच नयेत. जमीन तिरकी राहू देऊन ज्याने वर डोळे मिटले, त्याला आतून सगळं शांतच वाटणार. सपाट असतंच ते.

एक शंका इथे रास्त आहे, आणि माझ्या एका मित्राने ती विचारलीही. सगळीकडे समानच करायचं का? ताईची परिस्थिती माझ्याहून बरी असेल तर? जमिनीचे तुकडे पडले तर ती कुणाच्याच कामाची राहणार नाही, त्याचं काय? प्रश्न बरोबर आहेत. अंगणातही सगळं समतल करून चालत नाही. पाया समतल हवा, पण त्याच्या भोवतीच्या वाटेला ढाळ द्यावाच लागतो, नाहीतर पाणी पायातच येऊन बसेल. मी वरच्या बाजूला खणलेल्या भिंतीच्या कडेने एक उथळ चर काढली आहे, मुद्दाम उताराची. कुणाला किती गरज, कोण शेत कसणार, आईला कोण सांभाळणार, यानुसार देणंघेणं कमीजास्त होऊ शकतं, व्हायलाही हवं. पण तो ढाळ दोघांनी मिळून, मोजून, एका समतल जागेवर उभं राहून द्यायचा असतो. आधीपासूनच असलेल्या उताराला ढाळ म्हणता येत नाही. तुकड्यांचं म्हणाल तर नाव राहिलं म्हणून बांध घालावाच लागतो असं नाही. एका सातबाऱ्यावर चार नावं असलेली आणि एकत्र कसली जाणारी जमीन हजारोंनी आहे.

मग मी ताईला फोन नाही केला. फोनवर ती ‘अरे सोड रे’ म्हणून दोन मिनिटांत मोकळी झाली असती. फॅमिली ग्रुपवर तर नाहीच नाही. ईमेल लिहिली, मराठीत, सरळ. लिहिलं की मसुदा मी सही न मागता परत पाठवतो आहे. जमिनीत तुझं नाव कायद्याने आहे आणि ते मी काढायला लावणार नाही. पुढे कधी तुला सोडावंसं वाटलं किंवा विकावंसं वाटलं, तर तो तुझा विचार, तेव्हा बोलू. आणि यातलं काहीही झालं तरी आईचं घर, तुझी खोली, गणपती, भाऊबीज, यात काडीचा फरक पडणार नाही. हे शेवटचं वाक्य बायकोने घालायला लावलं. ती म्हणाली, ‘ते लिही. न लिहिता कुणालाच कळत नाही.’

आठ दिवस उत्तर आलं नाही. त्या आठ दिवसांत फरश्या बसल्या. चारी कोपरे नळीने पुन्हा मोजले, चारी सारखे. चौकट उभी केली. दरवाजा एका बोटाने सरकतो.

मग ताईचं उत्तर आलं, तीन ओळींचं. ‘माझं नाव राहू दे. पीकपाणी तू आणि काका बघा, मला त्यातलं काही नको, हे आता विचार करून सांगते आहे. पण नाव राहू दे.’

काकांना मी तसं कळवलं आहे. ते फक्त ‘बरं’ म्हणाले. त्यानंतर त्यांचा फोन नाही. आई म्हणते, थोडे दिवस जाऊ दे.

उद्या श्लोक बारावा.